घराच्या मोलावर कर : तो न्याय्य आहे काय?

ज्याच्या नावावर मोठ्या मोलाचे घर आहे त्याच्याकडून सरकारने त्या मोलाच्या मानाने कर घ्यावा की नाही, हा वाद सांप्रत अनेक देशांत चालला आहे. २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात विलायतेच्या अर्थमंत्रिणीने जाहीर केले की, इंग्लंडातील वीस लाख पौंडांहून अधिक किमतीच्या घरांवर २०२८ च्या एप्रिलपासून नेहमीच्या करावर आणखी एक वार्षिक कर बसेल, आणि तो घराच्या किमतीप्रमाणे अडीच हजारांपासून साडेसात हजार पौंडांपर्यंत राहील. त्यावर तेथील वर्तमानपत्रांत पुष्कळ शाई खर्च झाली. आमच्या खेड्यापाड्यांतील वाचकांस वाटेल की हा धनवानांचा तंटा आहे, आपणांस त्याचे काय? परंतु ग्रामपंचायतीची घरपट्टी आता आपल्याही गावी घराच्या भांडवली मूल्यावरून आकारली जाते. म्हणजे तत्त्व तेच, आकडा मात्र लहान. शिवाय आपल्या मंडळ्यांतील बहुतेक घरांतला एखादा मुलगा वा भाऊ मुंबईस पोटासाठी गेलेला असतो, तो सुटीत येतो तेव्हा तेथील घरांच्या किमतीच्या गोष्टी सांगतो, आणि ऐकणारे उपदेशकाला विचारतात की, पाळकसाहेब, हे सर्व देवाच्या दृष्टीने कसे? या प्रश्नाला उत्तर देता यावे म्हणून आम्ही येथे चार शब्द लिहीत आहो.

मूळ प्रश्न असा आहे : सर्वांच्या खजिन्याला मनुष्य किती देणे लागतो, हे कशावरून ठरवावे? डोक्यावरून, वर्षाच्या कमाईवरून, की जवळ असलेल्या मालमत्तेवरून?

डोक्यावरून ठरवावे असे म्हणणारे निर्गमाच्या तिसाव्या अध्यायाकडे बोट दाखवितात. तेथे प्रत्येक इस्राएलाने अर्धा शेकेल द्यावा, धनवानाने अधिक नव्हे आणि गरिबाने उणा नव्हे, असे सांगितले आहे. पण तो पैसा जिवाच्या प्रायश्चित्ताचा होता. देवासमोर सर्वांचा जीव एका मोलाचा, एवढाच त्याचा अर्थ. राज्य चालविण्याचा खर्च वाटून घेण्याचा तो नियम नव्हे. जेथे मनुष्याने आपल्या जवळचे काही आणावयाचे असे, तेथे मोशेच्या नियमशास्त्राने ऐपतीप्रमाणे माप बदलले. ज्याला कोकरू परवडत नाही त्याने होल्यांची जोडी आणावी, आणि तेही होत नसेल तर थोडेसे पीठ. आपल्या प्रभूच्या मातेने मंदिरात काय आणिले हे लूकाच्या शुभवर्तमानात आपण वाचतोच. तेव्हा डोईपट्टीचा पक्ष आम्ही येथेच सोडतो. कमाई आणि मालमत्ता यांमधला वाद मात्र कठीण आहे. तो समजण्यास मुंबईचे एक गाव पाहणे बरे.

मुंबईच्या पूर्व काठी, चेंबूरच्या पलीकडे, खाडीला लागून माहूल हे गाव आहे. कोळी लोकांची तेथे जुनी वस्ती. माहूलपासून शिवडीपर्यंतच्या चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी हजारोंनी उतरतात, आणि ते पाहण्यास शहरातील हौशी लोक दुर्बिणी घेऊन येतात व संध्याकाळी परत जातात. याच गावाच्या शेजारी १९५४ व १९५५ साली खनिज तेल शुद्ध करण्याचे दोन मोठे कारखाने सुरू झाले. ते मूळचे परदेशी कंपन्यांचे. १९७४ व १९७६ साली ते सरकारकडे आले. भोवती तेलाच्या व रसायनांच्या टाक्या वाढत गेल्या. २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने असे नमूद केले की येथील हवेपासून रहिवाशांच्या प्रकृतीला धोका आहे. तरीही याच जागी बांधलेल्या ७२ इमारतींत, सतरा हजारांवर खोल्यांत, शहरातील निरनिराळ्या ठिकाणांहून उठविलेले लोक आणून बसविण्यात आले. त्यांतील पुष्कळ लोक तानसा तलावाच्या जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतले होते. खोली २२५ चौरस फुटांची. दारे-खिडक्या उघडाव्या तर वास आत येतो, आणि मिटाव्या तर जीव गुदमरतो. लोक खोकला, दमा, कातडीचे विकार यांनी बेजार झाले, आंदोलनास बसले, न्यायालयात गेले. २०१९ च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने ठरविले की कोणालाही तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही. सरकारने दुसरीकडे घर द्यावे, नाहीतर भाड्यासाठी दरमहा १५,००० रुपये व अनामतीसाठी ४५,००० रुपये द्यावे. पुढे २०२५ साली महानगरपालिकेने रिकाम्या पडलेल्या खोल्यांपैकी काही हजार खोल्या आपल्याच कर्मचाऱ्यांस १२ लाख ६० हजार रुपयांस विकत देऊ केल्या. एवढ्या पैशांत मुंबईत स्वतःचे छप्पर दुसरीकडे कोठे मिळते? तरी घेणारे फार थोडे पुढे आले.

त्याच वर्षी वरळीस समुद्राकाठच्या एका इमारतीतील दोन घरांचा सौदा ६३९ कोटी रुपयांस झाल्याचे वर्तमानपत्रांत आले. वाचकांनी पाटीवर भागाकार करून पाहावा : त्या दोन घरांच्या पैशांत माहूलच्या पाच हजारांवर खोल्या येतात.

आता विचार करा. वरळीचे घर मोठे आहे, त्यातील फरशी उंची आहे, हे सर्व मान्य. परंतु विटा, लोखंड, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी यांत कितीही फरक केला तरी पाच हजारपट अंतर पडत नाही. हे अंतर घराचे नव्हे, जागेचे आहे. आणि जागेला मोल कशाने येते? पुढे मोकळा समुद्र आहे, हवा स्वच्छ आहे, रस्ता रुंद आहे, नळाला पाणी आहे, जवळ इस्पितळे व कचेऱ्या आहेत. यांतले समुद्र आणि वारा देवाने केले. बाकीचे सर्व त्या नगराने मिळून केले. घराच्या मालकाने त्यांतले एकही केले नाही.

पाण्याचेच पाहा. १८६० साली विहार आणि १८९२ साली तानसा असे मुंबईने तलाव बांधले, पुढे वैतरणा आणि भातसा येथील पाणी आणिले. तानसा, भातसा ही नावे ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याची आहेत. त्या तालुक्यातून शहरास रात्रंदिवस पाणी जाते, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातील वाड्यापाड्यांवर बायका डोक्यावर हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. तेच पाणी नेणाऱ्या वाहिनीच्या रक्षणासाठी गरिबांच्या झोपड्या हलल्या आणि ते माहूलच्या धुरात गेले. सर्व शहराच्या मोटारींस व चुलींस लागणारे तेल आणि वायू जेथे तयार होतो तेथला धूर त्यांच्या वाट्यास आला, म्हणून तो दुसरीकडे आला नाही. वरळीच्या गृहस्थाने माहूलवर धूर सोडला असे आम्ही म्हणत नाही. त्या बिचाऱ्याला माहूल कोठे आहे हेही कदाचित ठाऊक नसेल. आमचे म्हणणे इतकेच की, एका ठिकाणच्या घराचे मोल जे चढले त्यात दुसऱ्या ठिकाणच्या लोकांनी सोसलेला भार मिसळलेला आहे. शहापूरच्या बाईचा हंडा त्या ६३९ कोटींत आहे.

हे खरे असेल तर घराच्या मोलावरचा कर म्हणजे धनवानाच्या खिशात हात घालणे नव्हे, तर सर्वांनी मिळून त्याच्या घरात जे घातले त्यातला थोडा अंश परत मागणे होय. अमेरिकेतील हेन्री जॉर्ज नावाच्या गृहस्थाने १८७९ साली एक मोठा ग्रंथ लिहून हेच मांडले होते : घर बांधणाऱ्याचे श्रम त्याचे त्याला राहू द्या, परंतु जमिनीचे मोल समाजाने वाढविलेले असते, म्हणून कर त्यावर घ्या. त्यांचा सगळा पक्ष आम्हांस मान्य नाही. सर्व कर रद्द करून एकटा जमिनीवरच ठेवावा हे त्यांचे म्हणणे फार लांबचे आहे. पण मूळ निरीक्षण खोटे ठरविणे कठीण. २०१३ साली पूर्व मुक्त मार्ग झाला आणि चेंबूरहून दक्षिण मुंबई थोड्या मिनिटांवर आली. त्या रस्त्याचा पैसा सरकारी तिजोरीतून गेला. जवळपास ज्यांच्या जागा होत्या त्यांनी दिवाणखान्यात बसून तो लाभ घेतला.

मुंबईची कराची रीत आजपर्यंत कशी होती हेही थोडक्यात सांगावे. पूर्वी घराला किती भाडे येऊ शकेल यावरून कर ठरे. १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली; त्यामुळे शहराच्या उत्तम भागांतील जुन्या इमारतींस नाममात्र कर आणि उपनगरातील नव्या लहान घरास भारी कर, असा उलटा प्रकार पुष्कळ वर्षे चालला. २०१० पासून भांडवली मूल्यावर कर घेण्याची पद्धत आली. मात्र त्या नियमांत असेही होते की जमिनीवर पुढे जे बांधता येण्यासारखे आहे तेही मोजावे. मालक न्यायालयात गेले, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो भाग रद्द ठरविला : जे आज आहे त्यावर कर घ्या, जे पुढे होऊ शकेल त्यावर नको. हा निकाल आम्हांस नीतीच्या दृष्टीनेही योग्य वाटतो. शेतकऱ्याला ठाऊक आहे की उभे पीक आणि मनातले पीक यांत किती अंतर असते.

त्याच वर्षी, १ जानेवारी २०२२ पासून, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांस मुंबईत मालमत्ता कर माफ झाला. ही गोष्ट चांगली झाली. लक्षावधी कष्टकरी कुटुंबांस दिलासा मिळाला. परंतु माप क्षेत्रफळाचे आहे, किमतीचे नाही. कुलाब्यातील कोट्यवधींची लहान खोली सुटते, आणि लांबच्या उपनगरातील सहाशे फुटांचे साधे घर पट्टी भरते. मोजपट्टीला धनवान आणि गरीब हे ओळखता येत नाहीत.

आता विरुद्ध पक्षाचे ऐकले पाहिजे, कारण त्यांच्याजवळही विचार करण्याजोगे आहे. पहिले म्हणणे असे की, ‘मी घाम गाळून कमाविले, त्यावर आयकर भरला, घर घेताना मुद्रांक शुल्क भरले, आता पुन्हा दरवर्षी त्याच पैशावर कर कसा?’ प्रामाणिकपणे कमावून घर करणाऱ्याला आम्ही तुच्छ लेखणार नाही. पवित्र शास्त्रही त्याला तुच्छ लेखीत नाही. तथापि त्याने भरलेला कर कमाईवरचा होता. घर घेतल्यावर ते बसल्या जागी दुप्पट मोलाचे झाले, ती वाढ त्याच्या घामाची नव्हे. आणि रस्ता, दिवा, गटार, अग्निशामक दल यांचा खर्च दरवर्षी होतो; एकदा भरलेल्या शुल्काने तो दरवर्षी भागत नाही.

दुसरे म्हणणे असे की, असे कर घेऊन हाती काही लागत नाही. आपल्या देशात १९५३ साली वारसाच्या इस्टेटीवर कर आला आणि १९८५ साली रद्द झाला, तेव्हा त्याचे उत्पन्न वीस कोटी रुपयांच्या आसपास होते. १९५७ चा संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. २०१३-१४ साली त्याचे सगळ्या देशातून १,००८ कोटी रुपये आले होते. एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या धनवानांत, एवढेच! पण याचे कारण पाहा. सोने, रोकड आणि दागिने लपविता येतात. घर लपविता येत नाही. आणि जे लपत नाही तेच त्या कायद्याने मोकळे सोडले होते : एक राहते घर, मग ते कितीही कोटींचे असो, संपत्तीत धरावयाचे नाही अशी त्यात सूट होती. चाळणीने पाणी भरून हौद रिकामा राहिला म्हणून विहिरीला बोल लावण्यासारखे हे झाले.

तिसरे म्हणणे मात्र आम्हांस फार जड वाटते, आणि त्यावर आम्ही थांबणार आहो. घर मोलाचे आहे, पण हातात पैसा नाही, अशा मनुष्याने काय करावे? माहूलच्या किंवा दुसऱ्या एखाद्या कोळीवाड्यातील म्हाताऱ्या कोळणीचा विचार करा. वाडवडिलांचे घर आहे, तीन मुलांचे संसार त्यात आहेत, म्हणून ते पाचशे फुटांच्या वर जाते. शहर वाढत वाढत तिच्या दारापर्यंत आले आणि सरकारी दरपत्रकात तिच्या जागेचा भाव चढला. इकडे खाडीचे पाणी तेलाने व सांडपाण्याने बिघडले, मासळी कमी झाली. कागदावर ती श्रीमंत आणि टोपलीत गरीब. भाव चढला त्याने तिला एक पैसा दिला नाही. घर विकले तरच तो हाती येणार, आणि विकले तर ती जाणार कोठे?

नहेम्याच्या पाचव्या अध्यायात असाच आक्रोश आहे. राजाचा कर भरण्यासाठी लोकांनी आपली शेते व द्राक्षमळे गहाण टाकून पैसे काढले, आणि शेवटी मुले गुलामगिरीत जाण्याची पाळी आली. आपल्याच प्रांतात इंग्रजी अमलात शेतसारा ठरलेल्या दिवशी रोख मागत असत, पीक असो वा नसो. कुणबी सावकाराकडे जाई आणि जमीन घालवून बसे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले त्याची मुळे अशा गोष्टींत होती. तेव्हा मालमत्तेवर कर म्हटला की तो नेहमी धनवानावरच पडतो, असे समजणारे आपल्या आजोबा-पणजोबांच्या गोष्टी विसरले आहेत.

येथे लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायातील एक बारीक नियम आम्हांस फार मोलाचा वाटतो. तो उपासनेत क्वचितच वाचला जातो. योबेल वर्षी विकलेली शेते मूळ कुटुंबाकडे परत जावी, आणि खेड्यातील तटबंदी नसलेली घरे शेतासारखीच समजावी, असे तेथे आहे. परंतु तटबंदीच्या नगरातील घर विकले आणि वर्षाच्या आत सोडविले नाही तर ते घेणाऱ्याचे कायमचे झाले. कोणी म्हणेल, पाहा, नगरातील घराला देवाच्या नियमानेच मोकळीक दिली! पण थोडे पुढे वाचावे. लेव्यांची नगरांतील घरे मात्र केव्हाही सोडविता येत, कारण इस्राएलामध्ये त्यांना दुसरे वतन नव्हते, तेच त्यांचे सर्वस्व होते. म्हणजे नियमशास्त्र भिंतीकडे पाहत नाही, शहर की खेडे एवढ्यावर थांबत नाही. ते विचारते की, हे घर या मनुष्याची भाकर आहे की भाकरीवरचे उरलेले धन आहे? ज्या काळी धन शेतांत आणि कळपांत होते त्या काळी नगरातील घर ही निव्वळ निवाऱ्याची जागा होती. आज शहरात धन साठविण्याची कोठारेच घरे झाली आहेत. माणूस एकात राहतो आणि आणखी तीन कुलूप लावून ठेवितो, भाव चढावा म्हणून. शेताला शेत आणि घराला घर जोडीत जाणाऱ्यांविषयी यशयाने जे कडक शब्द काढले ते अशा कुलपांस लागू पडतात. कोळणीच्या घरास ते लागू नाहीत. ती लेव्याच्या जागी आहे.

म्हणून आमचे मत असे. मोलाच्या घरांवर मोलाप्रमाणे कर असणे न्याय्य आहे, आणि तो फार मोठ्या मोलावर चढत्या प्रमाणात असणेही न्याय्य आहे. परंतु जेथे मनुष्य स्वतः राहतो आणि ते त्याचे एकटेच घर आहे, कमाई थोडी आहे, तेथे कर आज मागू नये. तो खात्यावर लिहून ठेवावा आणि घर विकले जाईल तेव्हा त्या पैशातून वळता करावा. म्हातारीस घराबाहेर काढून जो कर वसूल होतो तो कितीही कायदेशीर असला तरी त्याला अहाबाच्या द्राक्षमळ्याचा वास येतो. दुसऱ्या बाजूने, कुलूपबंद तिसऱ्या-चौथ्या घरास कसलीही सवलत असू नये. तेथे कोणाची झोप मोडत नाही.

या ठिकाणी आपल्या स्वतःच्या दाराकडेही पाहिले पाहिजे. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात केवळ सार्वजनिक उपासनेसाठी वा धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींस सर्वसाधारण करातून सूट आहे. ती सर्व धर्मांस सारखी आहे आणि ती असावी. पण मिशनांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी माळरानावर घेतलेली आवारे आज शहरांच्या मध्यात आली आहेत, आणि त्यांच्या मोलाचा आकडा ऐकून खेड्यातील उपदेशकाचे डोळे फिरतील. जेथे प्रार्थना होते, शाळा चालते, रोगी पाहिले जातात, तेथे कर नसावा हे बरोबर. जेथे आवाराच्या कडेला दुकाने भाड्याने दिली आहेत किंवा बंगला लग्नसमारंभास दिला जातो, तेथे वेदीचा पदर धरून करातून सुटू पाहणे आपणांस शोभत नाही. वरळीच्या गृहस्थास जे माप लावावे तेच आपल्या विश्वस्तांच्या वहीस लागेल. हे म्हणणे काही मंडळ्यांस कडू लागेल, याची आम्हांस कल्पना आहे.

कर घेऊन त्याचे काय करावे हा वेगळा विषय आहे, आणि त्यात शिरलो तर हा अंक पुरणार नाही. फक्त एवढे म्हणतो की, वरळीच्या घराचा कर वरळीच्याच पदपथावर फरशी बसविण्यात गेला तर आम्ही वर मांडलेला सगळा न्याय पोकळ होईल. ज्या ठिकाणांनी भार सोसला त्यांचा हक्क त्या पैशावर पहिला आहे : माहूलमधून बाहेर पडू इच्छिणाऱ्या कुटुंबांस चांगल्या हवेतील घर, आणि शहापूरच्या पाड्यांस नळ.

आमच्या उपदेशकांस एक काम सुचवितो. ग्रामपंचायत घरपट्टीची आकारणी नव्याने करते तेव्हा यादी लोकांच्या माहितीसाठी लावली जाते व हरकती घेण्यास मुदत असते. पुष्कळ लोक ती वाचीतच नाहीत. मग कोणाचे मातीचे घर पक्के म्हणून लागते, आणि कोणाची माडी यादीत येतच नाही. उपासनेनंतर एका संध्याकाळी यादीची नक्कल आणून ती सर्वांस, ख्रिस्ती असोत वा नसोत, मोठ्याने वाचून दाखवावी. ज्याचे चुकले असेल त्याचा अर्ज मुदतीच्या आत लिहून द्यावा, आणि ज्याचे कमी लागले असेल त्याच्याही घराचे नाव वाचताना आवाज खाली आणू नये.